दुखणाईत वावर

आमच्या कृषी संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला, लिंबाच्या रांगेपलीकडे, तारेच्या कुंपणात जमिनीचा एक तुकडा आहे. कागदोपत्री त्याला सिक प्लॉट म्हणतात. कामावर येणाऱ्या बाया त्याला दुखणाईत वावर म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त बरोबर वाटतं. पाहणाऱ्याला मात्र तिथं दुखणं काही दिसत नाही. माती काळीभोर, भुसभुशीत, एक ढेकूळ सापडणार नाही. पेरणीच्या आधी तर ती इतकी देखणी दिसते की कुणाही शेतकऱ्यानं मूठभर उचलून हुंगून बघावी.

त्या मातीत आम्ही हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पाळली आहे. पाळली हाच शब्द योग्य. दरवर्षी तिथं मुद्दाम लवकर मरणारा हरभरा पेरायचा, तो मेला की त्याची झाडं बारीक करून तिथल्याच मातीत मिसळायची, म्हणजे बुरशीला उपास घडत नाही. एखाद्या वाणात रोगाला तोंड द्यायची धमक आहे की नाही हे बघायला अशी आजारी जमीन लागतेच. निरोगी जमिनीत सगळेच शूर. कुंपणातून बाहेर येताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, खुरपी तिथली तिथंच ठेवायची, मातीचा खडासुद्धा बाहेर न्यायचा नाही. ही बुरशी एकदा रानात शिरली की तुम्ही हरभरा पेरा नाहीतर पेरू नका, ती वर्षानुवर्षं मातीत पडून वाट बघते. हे सगळं मी नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे, आणि जरा चढ्या आवाजातच. माझा आवाज चढाच आहे, असं घरचेही म्हणतात.

माझं रोजचं काम मात्र आत, प्रयोगशाळेत. हरभऱ्याच्या कोवळ्या मुळावर बुरशी चालून आली की मूळ गप्प बसत नाही. ते काही प्रथिनं तयार करतं. काही बुरशीवर तुटून पडायला, काही स्वतःची भिंत पक्की करायला. काटक वाणात ती लवकर आणि भरपूर येतात, नाजूक वाणात उशिरा आणि थोडी. आम्ही रोपं उगवायची, त्यांच्या मुळांना बुरशी लावायची, मग ती मुळं बर्फावर ठेवलेल्या खलात वाटून त्यांचा रस जेलच्या पातळ वडीत भरायचा आणि वीज सोडायची. प्रथिनं विजेच्या ओढीनं पळतात, हलकी पुढं, जड मागं. वरून निळा रंग चढवला की जे जिथं थांबलं तिथं पट्टी उमटते. एका विशिष्ट जागची पट्टी गडद असली तर तो वाण मर रोगापुढं टिकेल, असा आमचा कयास होता. ही खूण भरवशाची ठरली तर वाण निवडायला हंगामच्या हंगाम घालवायला नको, रोपावरूनच कळेल.

कयास होता म्हणते, पण माझ्यापुरती ती खात्रीच होती. त्याला कारण माझ्या मायचा हरभरा.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यातलं. वडील गेल्यापासून धाकटा भाऊ शेती बघतो. सोयाबीन निघालं की त्या रानात हरभरा. भाऊ बाजारातलं नवं बियाणं पेरतो, पण विहिरीजवळचा एक पट्टा मायचा. तिथं ती तिच्या माहेराहून आणलेला हरभरा पेरते. बारीक, तांबूस, सुरकुतलेला दाणा. दिसायला इतका गरीब की बाजारात कुणी दोनदा बघणार नाही. पण पुरण त्याचंच करायचं, आणि बी राखायचं तेही त्याचंच, मडक्यात राखेत घालून. शेजारच्या रानात मर लागून ठिकठिकाणी टकलं पडली तेव्हासुद्धा मायचा पट्टा हिरवागार होता. भाऊ तिला चिडवायचा, "तुझ्या हरभऱ्याला मराला टाइम न्हाई, माय." मीही हसायचे. पण एका उन्हाळ्यात पदराच्या गाठीएवढं बी मी मागून आणलं आणि हट्टानं जेलवर चढवलं.

पट्टी आली. नुसती आली नाही, ज्या काटक वाणाशी आम्ही सगळ्यांची तुलना करतो त्याच्यापेक्षाही गडद आली. मी परत केलं, परत तेच. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, आणि मोठ्यानं हसले. इतकी वर्षं शिकले, परगावी राहिले, आणि जे शोधत होते ते घरच्या मडक्यात निघालं याचा मला फार अभिमान वाटला. आमचे सर शांत माणूस. त्यांनी जेल उजेडाकडं धरून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. आता जमीन काय म्हणते ते बघू." म्हणजे येत्या हंगामात मायचा हरभरा दुखणाईत वावरात पेरायचा, आणि तो तिथं उभा राहिला तरच पट्टी खरी.

त्याच वर्षी मायच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. जालन्यात ऑपरेशन झालं आणि मी तिला माझ्याकडं केंद्राच्या क्वार्टरमध्ये आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. माय म्हणजे घरात बसवलं तर भिंतीशी बोलणारी बाई. त्यात नवरात्र तोंडावर आलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं घट चुकवलेले नाहीत. मी म्हटलं, यंदा भाऊ बसवेल तिकडं. तर म्हणाली, "मी जिथं हाय तिथं घट बसतेत. त्याचं तो बसवील, त्याला कोन न्हाई म्हनलं?"

घटस्थापनेच्या दिवशी मी कामावरून जेवायला आले तर कोपऱ्यात परडी मांडलेली, तिच्यात काळी माती, मातीत पाच धान्यं, मधे घट, घटावर विड्याची पानं नि नारळ, आणि बाजूला समई. मी आधी ओरडले ते वाकण्यावरून. "माती कुणी आणली?" "आनली कोनीतरी," माय म्हणाली आणि तोंड फिरवून वात सारखी करायला लागली. केंद्राच्या राखणदारानं कुठल्यातरी रानातून आणून दिली असेल असं मी धरून चालले. ती स्वतः वाकली नाही यातच मला समाधान होतं.

नऊ दिवस ती परडीपुढं बसे. तरवडाच्या फुलांची माळ चढवी, पाणी शिंपडी, आणि काळ्या चष्म्याआडून उगवण बघे. घटातल्या रोपांवरून यंदा काय पिकेल ते सांगायची आमच्याकडं रीत आहे. गहू सरळ आला, ज्वारी आली. हरभरा उगवला, पण पिवळट, मान खाली घातलेला. "हरभऱ्याचं लक्षन ठीक न्हाई," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू पाणी फार घालतेस. सडतोय तो." माझ्याकडं प्रत्येक गोष्टीचं असं तयार उत्तर असतं. त्या दिवसापासून तिनं पाणी कमी केलं, आणि तरी हरभरा तसाच राहिला.

दसऱ्याला घट उठले. भाऊ तिला न्यायला आला. त्याच्या टोपीत, माझ्या केसांत तिनं घटातलं धन खोचलं. निघताना तिच्या हातात कापडी पिशवी होती, घट्ट बांधलेली. एसटीत चढतानाही तिनं ती भावाकडं दिली नाही. घटाची माती शेतात टाकतात, म्हणजे नऊ दिवसांची बरकत रानात जाते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी हात केला, गाडी निघाली.

काही दिवसांनी आम्ही दुखणाईत वावरात पेरणीला उतरलो. एक ओळ लवकर मरणाऱ्या वाणाची, तिच्या शेजारी मायच्या हरभऱ्याची, पलीकडे पुन्हा मरणाऱ्याची. मी स्वतःच्या हातानं दाणा दाणा टोबत होते. राखणदार कुंपणापाशी उभा राहून गप्पा मारत होता. पन्नाशीचा, अंबडकडचा माणूस, सगळ्या बायांना मावशी म्हणणारा.

"मॅडम, मावशीचे घट चांगले उगवले असतील, न्हवं?"

"उगवले की."

"उगवनारच. माती कसली व्हती! मीच तार वर धरल्ती. मंग मावशीनं आपल्या हातानं भरून घेतली. दुसऱ्यानं काढून दिलेली चालत न्हाई म्हनाल्या."

मी तशीच उकिडवी होते. हातात दाणे होते. "कुठली तार?" मी विचारलं, पण मला उत्तर कळलेलं होतं.

"ही काय, हीच. मावशी समदीकडं फिरल्या. म्हने, औषध मारलेली माती देवाला चालत न्हाई. मंग बिगर औषधाची माती आपल्याकडं हीच एक. हितं आपुन कधीच फवारीत न्हाई ना."

ते खरं होतं. बुरशी मरू नये म्हणून त्या तुकड्यावर आम्ही औषधाचा थेंब पडू देत नव्हतो. सगळ्या केंद्रात देवाला चालेल अशी शुद्ध जमीन तेवढीच होती. मी ओरडले त्याच्यावर. पाटी दिसत नाही का, मी घसा फोडून काय सांगत होते, असं बरंच बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "बराबर हाय मॅडम. पर तुमी रोगाचं सांगितल्तं. देवाच्या कामाला मानूस न्हाई कसं म्हनल?" मायला पाटी वाचता आली नसती हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं, एक डोळा नुकताच ऑपरेशनचा, दुसऱ्यात मोतीबिंदू.

भावाला फोन लावला. माती कुठं आहे विचारलं. "कवाच टाकली. आल्याबरोबर. तिच्या पट्ट्यात, बियाचा हरभरा पेरती तिथं. परवा पेरनी पन झाली." मग त्यानं विचारलं, "काहून?" मी सांगितलं. त्याला जास्त समजवावं लागलं नाही. शेजाऱ्याच्या रानातली टकलं त्यानं बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. जाफराबादपर्यंत एसटी, तिथून जीप. जीपवाला माणसं भरेपर्यंत हलेना आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माय रानातच होती, काळा चष्मा कपाळावर चढवून. मला बघून तिला आनंद झाला. डोळा उत्तम झाला होता. म्हणाली, मला पलीकडच्या बांधावरची शेळी दिसून राह्यली. मग तिनं मला पट्टा दाखवला. माती तिनं एका जागी टाकली नव्हती. बरकत सगळ्या बियाला मिळावी म्हणून ओंजळीओंजळीनं पट्टाभर शिंपडली होती, आणि वरून ट्रॅक्टरची पेरणी झाली होती.

मी तिला सरळ सांगितलं. कसली माती ती, तिच्यात काय आहे, ते काय करतं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, पण ती मान नकाराची होती. "नऊ दिवस देवीम्होरं व्हती ती माती," ती म्हणाली. "दिवा इझू दिला न्हाई मी."

"बुरशीला दिवा दिसत नाही, माय."

मी हे बोलायला नको होतं असं नाही. खरं होतं ते. पण तिचा चेहरा उतरला. ती बांधावर बसली आणि हातातली काडी मोडत राहिली.

पट्टा उखडून टाकावा, वरची माती खरवडून दूर नेऊन पुरावी, असं भाऊ म्हणाला. मीही आधी तेच मनात धरून आले होते. पण मडकं जवळपास रिकामं होतं. पाऊस चांगला झाला म्हणून मायनं त्या वर्षी पट्टा वाढवला होता आणि होतं नव्हतं ते बी पेरलं होतं. आता उखडलं तर रान वाचण्याची आशा, पण घरचा तो हरभरा संपला. आणि नाही उखडलं, आणि झाडं मेली, तर बुरशी त्या झाडांवर पोसून दुप्पट होणार, बी जाणार आणि शेजारचं भावाचं सगळं रानही हळूहळू जाणार. हरभऱ्याशिवाय त्या रानात रब्बीला दुसरं काही धड येत नाही. मायनं विचारलं, "मरंल का गं खरंच?" तिला बाकी काही नको होतं, एवढंच हवं होतं.

भाऊ माझ्याकडं बघत होता. "ताई, तुझी ती निळी पट्टी खरी हाय ना?"

"खरी आहे," मी म्हटलं. "मरणार नाही."

पट्टा राहू दिला. मी फक्त एवढं सांगितलं की त्यात गेलेले पाय धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात न्यायचे नाहीत. भावानं वाटेवर पाण्याची बादली ठेवली.

मग वाट बघणं सुरू झालं, इथं आणि तिथं. दुखणाईत वावरात मरणारा वाण ठरल्याप्रमाणे मरायला लागला. ते मरण बघायला वाईट असतं. झाड वाळत नाही आधी. हिरवंच असतं, सकाळी नीट दिसतं, दुपारी पानं लोंबतात, आणि एकदा लोंबली की उठत नाहीत. उपटून मूळ उभं चिरलं की आत काळपट रेघ दिसते. पाणी वर न्यायच्या नळ्याच बुरशीनं भरून टाकलेल्या असतात. ओळीच्या ओळी अशा झोपत गेल्या. आणि त्यांच्या मधोमध मायचा हरभरा उभा. मी सकाळी पहिल्यांदा तिथं जायचे, मग चहा. एकेक झाडाजवळ थांबायचे. पट्टी खरी ठरत होती, आणि कामातलं इतकं मोठं सुख मला कधी मिळालं नव्हतं. पण तेवढीच धास्तीही. रात्री अंथरुणावर पडलं की मला तिथली नाही, घरची झाडं दिसायची.

मायचा रोज फोन. नव्या डोळ्यानं ती रोज सगळा पट्टा बघून येई. "आज समदी उभी हायेत," एवढं सांगून ठेवून देई. कधी जोडीला भाजी काय केली ते. भावाचा आवाजही मोकळा झाला होता. हरभऱ्याला फुलं आली, निळसर गुलाबी, बारीक. घाटे धरायला लागले. सर एक दिवस कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मेलेल्या ओळींमधली हिरवी ओळ त्यांनी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "दाणा भरेपर्यंत काही बोलू नकोस कुणाला." मला राग आला. माणसाला जरा आनंद करू द्यावा की. मी त्याच संध्याकाळी मायला फोन करून सांगितलं, तुझ्या हरभऱ्यानं सगळ्यांना मागं टाकलं. ती हसली. म्हणाली, देवीनं राखलं. मी वाद घातला नाही.

थंडी ओसरली, दुपारची उन्हं चटका देऊ लागली. घाट्यात दूध भरत होतं. एका सकाळी मी नेहमीसारखी गेले, आणि मायच्या ओळीतल्या एका झाडाचा शेंडा जरासा कललेला दिसला. नुसता शेंडा. पाण्याचा ताण असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी परत गेले, तर पानं लोंबत होती. मी ते झाड उपटलं, नखानं मूळ चिरलं. आत काळी रेघ होती.

शेजारचं एक हिरवंगार झाड उपटलं. त्यातही होती, बारीक, बुडापासून निघून अर्ध्यापर्यंत चढलेली. आणखी एक उपटलं. मग मी थांबले.

त्या दिवशी मायचा फोन आला नाही. मी केला तर भावानं उचलला आणि तिच्याकडं दिला. ती गावातल्या लग्नाचं बोलली, शेळीला पिल्लं झाली ते बोलली. मी विचारलं, "हरभरा?" मग म्हणाली, "एका झाडानं मान टाकलीया. दुपारची उठल म्हनून बघून राह्यले. उठना गेलं."

सरांनी मला समजावलं. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. ते म्हणाले, "तुझी पट्टी खोटी नाही. अपुरी आहे. हे प्रथिन बुरशीला अडवतं, मारत नाही. झाड तरुण आहे तोवर ते पुरतं. दाणा भरायला लागला की झाडाची सगळी ताकद घाट्याकडं जाते, आणि दार उघडं पडतं." उशिरा मरणारा वाण, असं त्याला म्हणतात. ते मला पुस्तकातून माहीत होतं. मी ते शिकवलंही होतं कुणाकुणाला. मला फक्त मायच्या हरभऱ्याला ते लागू होईल असं वाटलं नव्हतं, आणि का वाटलं नव्हतं याचं कारण प्रयोगशाळेत सांगण्यासारखं नव्हतं.

गावी पोचले तोवर पट्ट्यात जागोजागी टकलं पडली होती. माय आत उभी होती. तिनं एक हिरवं झाड उपटलं, मी सांगितलं होतं तसं नखानं चिरलं, आणि रेघ उन्हाकडं धरून बघितली. बारीक रेघ होती, जुन्या डोळ्याला दिसली नसती.

"डोळा केला नसता तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मला रडू आलं, आणि राग आला. राखणदारावर, देवीवर, जेलवर, कुणावर ते मलाच नीट सांगता येणार नाही. मी मायला म्हटलं की तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, "हाय की. घटाची माती जिथली तिथं टाकायची असती. मी दुसऱ्याची माती आपल्या वावरात टाकली. देवी कशी पावंल?" एवढ्या सगळ्यातून तिनं काढलेला अर्थ हा. आणि मी कितीही विचार केला तरी तो चुकीचा आहे असं म्हणता येईना.

झाडं उपटून पट्ट्यातच जाळली. निघालेला दाणा पिचका होता. तो ठेवू नको, बियातूनही हे पुढं जातं, असं सांगितल्यावर तिनं तोही आगीत टाकला आणि मडकं पालथं घातलं. मी पूर्वी नेलेल्या बियापैकी थोडं प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आहे, पाकिटात. मायच्या माहेरचा तेवढाच हरभरा आता शिल्लक आहे. त्या पट्ट्यात मात्र पुन्हा हरभरा पेरायचा नाही, असं ठरलं. भावाचं मोठं रान त्या वर्षी वाचलं होतं, आणि ते वाचवायचं एवढंच आता हातात होतं.

परत निघताना मायनं माझ्या हातात पिशवी दिली. तीच कापडी, घट्ट बांधलेली. पट्ट्यातली माती. "जिथली तिथं टाक," म्हणाली. असं पिशवीनं माती नेऊन काही होत नाही, बुरशी आता सगळ्या पट्ट्यात आहे, हे मी तिला सांगू शकले असते. पण दिव्याचं बोलले होते तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवला. पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी एसटीत मांडीवर घेतली आणि दुखणाईत वावरात रिकामी केली. राखणदारानं तार वर धरली.

तेव्हापासून मी गावी गेले की दाराशी पिशवी भरलेली असते. कधी दोन असतात. भाऊ म्हणतो, ती रोज थोडं थोडं खणते, सांगून ऐकत नाही, पाय मात्र बादलीत आठवणीनं धुते. मी दर वेळी नेते. मला त्यात गैर काही दिसलं नाही; म्हातारपणी जिवाला समाधान, एवढंच.

यंदा पावसाळा संपता संपता गेले होते. माय मला पट्टा दाखवायला घेऊन गेली. विहिरीजवळ, जिथं ती खणते, तिथं आता चांगला गुडघाभर खोल खड्डा झालाय. पाऊस मोठा झाला होता. खड्डा तुडुंब भरून वाहून गेल्याचं कळत होतं, कारण त्याच्या खालच्या तोंडापासून एक ओघळ निघाली होती. उताराला लागून ती पट्ट्याबाहेर पडली होती, आणि वाटेवरच्या बादलीच्या बाजूनं थेट भावाच्या मोठ्या रानात शिरली होती. गाळ तिथं पसरून वाळला होता, काळाभोर, मऊ. भावानं परवाच त्या गाळासकट वखरणी करून ते रान हरभऱ्यासाठी तयार केलं होतं.

मी तिथंच उभी राहिले. मायला नव्या डोळ्यानं ओघळही दिसत असणार, पण ती खड्ड्याकडं बघत होती. पिशवीची गाठ मारून तिनं ती माझ्या हातात दिली.

"बघ," ती म्हणाली, "आता थोडीच राह्यली."